पेटीवाल्या ज्ञानदेवाचा कान

बारामतीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत ज्ञानदेव लोंढ्याचा पेटी दुरुस्तीचा गाळा आहे. दहा बाय आठचा. आत शिरायचं तर पाच-सहा पेट्या ओलांडाव्या लागतात. एखादीचा भाता फाटलेला, एखादीच्या पट्ट्या दमट हवेनं फुगलेल्या, एखादीचे सूर उतरलेले. भजनी मंडळांच्या पेट्या, शाळांच्या पेट्या, आणि अलीकडं ज्यांची पोरगी टीव्हीवर गाणार असं घरातल्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं असतं, त्यांच्या नव्याकोऱ्या पेट्या. या शेवटच्या गिऱ्हाइकांवर ज्ञानदेवाचा विशेष राग.

एकदा अशीच एक आई पोरीला घेऊन आली. पेटी दाखवून झाल्यावर म्हणाली, "तात्या, जरा हिचं ऐका की. क्लासला जाती."

ज्ञानदेवानं सा दिला. पोरीनं डोळे मिटले, एक हात हवेत उचलला आणि आवाज असा काही हलवायला लागली की दारातलं कुत्रं उठून उभं राहिलं. ज्ञानदेवानं भाता सोडला.

"बाळ, थंडी वाजती का तुला?"

आई म्हणाली, "अवं, त्याला व्हायब्रेटो म्हन्त्यात. क्लासात येगळं शिकवत्यात त्ये."

"आन् सूर लावायचं? त्ये कवा शिकवनार हायती?"

ती बाई पेटी उचलून गेली ती पुन्हा आली नाही. ज्ञानदेवाला त्याचं काही वाटलं नाही. सहासष्ट वर्षांत त्यानं अशी पुष्कळ माणसं घालवली होती.

नव्या पेट्यांना एक जादा खुंटी येते. ती ओढली की आत एक झडप फडफडायला लागते, वाऱ्याला झटके बसतात आणि सगळे सूर थरथरतात. लोकांना ते फार गोड वाटतं. दुरुस्तीला आलेल्या पेटीत ज्ञानदेवाला ही झडप दिसली की तो गिऱ्हाइकाला न विचारता ती काढून टाकायचा. कुणी तक्रार केली तर म्हणायचा, "हिंवतापाची पेटी मी दुरुस्त करत न्हाय. मानसाची पेटी करतो."

हे वेड त्याला बापाकडून आलं होतं. बाप अंथुर्ण्याचा. जलशात पेटी वाजवायचा आणि गायचाही. वस्त्यावस्त्यांवर, झाडाखाली, कंदिलाच्या उजेडात, माइकशिवाय. समोर बसलेल्या माणसाला शाळेचं, हक्काचं, माणसासारखं जगण्याचं काहीतरी सांगायचं असायचं, आणि ते शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत पोचायला लागायचं. बाप ज्ञानदेवाला सांगायचा, "सूर हलला की शबुद सांडतो. आपला एक शबुद सांडायचा न्हाय." ज्ञानदेवानं त्यातला सूर तेवढा उचलला. सूर म्हणजे भिंतीत ठोकलेला खिळा. हलला की तो खिळा नव्हे. एवढ्या एका मापानं तो जगातला प्रत्येक गळा मोजत आला.

गाळ्यावर चहा घेताना तो एक गोष्ट हमखास सांगायचा. चोविसाव्या वर्षी तो मोहनरावांच्या तमाशाच्या फडात पेटीवाला म्हणून लागला. फडाची मुख्य गाणारी रंगूबाई. तिचं नाव ऐकून माणसं बैलगाड्या जुंपून यायची. पुढं सात-आठ वर्षांनी अंथुर्ण्याच्याच जत्रेत फड उतरला. दुसऱ्या दिवशी दिवसाउजेडी देवळासमोर हजेरी होती. हजेरी म्हणजे रात्रीच्या तमाशानंतर फडानं गावासमोर पुन्हा गायचं. जनरेटर बंद पडलेला, माइक नाही. रंगूबाईनं वरचा सा लावला आणि तो हलला. एकदा नाही, प्रत्येक लांब सुराला हलला.

ज्ञानदेव तेव्हा एकतीस वर्षांचा होता आणि आपल्या गावात, आपल्या माणसांसमोर बसला होता. हजेरी संपल्यावर सगळा फड जेवायला बसला असताना तो मोहनरावांना म्हणाला, "मालक, बाईचा आवाज गेला."

"काय बोलतुयास ज्ञानू?"

"थरथरतोय. माजी पेटी खोटं बोलत न्हाय. दोन सालात निस्ता कापंल."

मोहनरावांनी भाकरी खाली ठेवली. रंगूबाई पलीकडंच बसली होती. पुढच्या हंगामात मोहनरावांनी दुसरी बाई आणली.

ही गोष्ट ज्ञानदेव पस्तीस वर्षं सांगत होता. शेवटी म्हणायचा, "आख्ख्या महाराष्ट्रानं जिला डोक्यावर घेतली, तिचा आवाज गेल्याचं पयलं कुनाला कळलं? ह्या कानाला." आणि डाव्या कानाच्या पाळीला हात लावायचा.

कोऱ्हाळ्याचे विजयसिंह हे बागायतदार. दीडशे एकर ऊस, बंगल्यापुढं तीन गाड्या. कारखान्याच्या अभ्यासदौऱ्यात ते मागं युरोपला जाऊन आले. साखर किती पाहिली देव जाणे, पण इटलीत कुणीतरी त्यांना ऑपेरा दाखवला. ऑपेरा म्हणजे तिकडचं संगीत नाटक, अथपासून इतिपर्यंत गायलेलं. बरोबरची मंडळी सांगत, की पहिला अंक विजयसिंहांनी घोरत काढला. पण परत आल्यापासून ते ऑपेराशिवाय बोलायला तयार नव्हते. बारामतीला ऑपेरा आणायचाच, असं त्यांनी मनावर घेतलं.

झालं. एका रविवारी सकाळी दहाला कॉलेजच्या सभागृहात कार्यक्रम ठरला. पुण्याहून संगीत नाटकातली गायिका स्वराली येणार, आधी नाट्यपदं आणि मग ऑपेरातली तीन गाणी गाणार. त्यावर चर्चा करायला फर्नांडिसबाई येणार. या बाईंनी चाळीस वर्षं ऑपेराचं गाणं शिकवलेलं, वय सत्तरीच्या पुढं. नाट्यपदांना पेटी लागणार होती. वाजवणारा पुण्याचाच होता, पण पेटीला ऐन वेळी काही झालं तर जादा पेटी घेऊन माणूस हाताशी असावा म्हणून विजयसिंहांनी ज्ञानदेवाला बोलावलं.

"तात्या, विंगेत बसून राहायचं. काय लागलं तर बघायचं."

"बसतो. पन दादा, ऐकावं लागंल का?"

विजयसिंह हसले. त्यांना ती चेष्टा वाटली.

सभागृह भरलं होतं. पहिल्या तीन रांगांत कडक इस्त्रीचे पांढरे सदरे, मागं कॉलेजची पोरं. नाट्यपदं झाली. स्वरालीचा गळा गोड होता, तयारी होती, हे ज्ञानदेवालाही नाकारता आलं नाही. म्हणून त्यानं दोष तिच्या साडीत काढला. मग ऑपेराची गाणी आली. बरोबर पियानोची रेकॉर्ड लावली होती. स्वरालीनं माइक तोंडाशी धरला. सूर सरळ धरायची, धरायची, आणि संपत आला की एकदम हलवून टाकायची. तिची हनुवटी बारीक बारीक उडत होती. शब्द तर कुणालाच कळत नव्हते. पुढच्या रांगेतले एक पाहुणे प्रत्येक थरथरीला मान डोलावत होते, आणि ज्ञानदेव विंगेत बसून त्या मानेकडं बघत होता. याला उसाच्या ट्रॉलीचा खडखडाटही असाच आवडत असणार, असं त्याच्या मनात आलं.

गाणी संपली, टाळ्या झाल्या. विजयसिंह माइकवर आले. "आता चर्चा. विषय असा, की नाटकात गाणाऱ्यांनी ऑपेरा गावा का?"

"गावा की," फर्नांडिसबाई म्हणाल्या. "पण गातात कुठं?"

पुढच्या रांगेतल्या त्या पाहुण्यांची मान डोलायची थांबली.

"स्वराली, तुझा आवाज चांगला आहे, म्हणून बोलते. तू सूर सरळ धरतेस आणि शेवटाला त्याला कंप जोडतेस. साडीला फॉल लावावा तसा. हे तू गात नाहीस, तू ऑपेराची नक्कल करतेस."

स्वराली लाल झाली, पण मागं हटली नाही. "बाई, मी नाटकात शिकले. तिथं शब्द कळावा लागतो. तुमचे ऑपेरावाले पहिल्या अक्षरापासून आवाज हलवत सुटतात. प्रेम करतायत का पोट दुखतंय, कळत नाही."

मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. विंगेत ज्ञानदेव मांडीवर हात आपटून हसला. दोघी एकमेकींबद्दल जे बोलत होत्या ते त्याला शंभर टक्के पटत होतं.

"शब्द कळत नसेल तर तो गाणाऱ्याचा आळस," बाई म्हणाल्या. "कंपाचा दोष नाही. आणि कंप लावायचा नसतोच. श्वास खालून मिळाला, घसा मोकळा असला, जबडा सैल असला, तर मोठा सूर आपोआप हलतो. त्याला आणायला जोर लागत नाही. थांबवायला लागतो."

"हालतो त्यो सूर कसला?"

ज्ञानदेव हे स्वतःशीच बोलला होता. पण विंगेत एक माइक उघडा राहिलेला होता, आणि वाक्य सगळ्या सभागृहात घुमलं.

"कोण बोललं?" बाईंनी विचारलं.

विजयसिंहांनी कपाळाला हात लावला. "आमचे पेटीवाले तात्या आहेत. तुमी मनावर घेऊ नका."

"का नको? मी घेतलं. पेटी घेऊन बाहेर या तात्या."

ज्ञानदेव बाहेर आला. हजारभर डोळे त्याच्यावर होते, पण त्याला लाज वाटली नाही. उलट बरं वाटलं. ही म्हातारी आता सगळ्यांसमोर उघडी पडणार, याची त्याला खात्री होती.

"तुमचा सूर द्या," बाई म्हणाल्या, "आणि धरून ठेवा."

त्यानं काळी चारचा सा धरला. सकाळीच पत्तीला कानस लावून जुळवलेला सूर, केसाइतकासुद्धा इकडं-तिकडं नव्हता. बाईंनी समोरचा माइक हातानं बाजूला केला. खांदे हलले नाहीत, मान ताणली नाही, तोंड उगीच फाकलं नाही. नुसता एक 'आ' आला आणि सभागृहाच्या शेवटच्या भिंतीपर्यंत गेला.

तो हलत होता.

ज्ञानदेव दबा धरून बसला. पेटीचा सूर आणि बाईंचा सूर यांच्यामध्ये सुई शिरेल एवढी फट तो शोधत होता. आयुष्यभर त्यानं हेच केलं होतं. आवाज पेटीच्या सुरावर केसभर जात होता, खाली केसभर येत होता, वर तेवढाच, खाली तेवढाच, भराभर, एकसारखा. आणि या सगळ्याच्या मधोमध पेटीचा सा जिथं होता तिथंच बाईंचा सा होता. सूर हलत होता आणि जागा सोडत नव्हता.

त्याच्या बोटाखालची पट्टी तशीच राहिली, पण भात्याचा हात थांबला. असा आवाज त्यानं यापूर्वी एकदा ऐकला होता. अंथुर्ण्यात, देवळासमोर, जनरेटर बंद पडला होता तेव्हा.

"भाता," बाई म्हणाल्या. तो भानावर आला आणि हात चालू केला.

"आता दुसरा ऐका." बाईंनी हनुवटी उडवत सूर हलवला. सूर तुटक तुटक, बकरीसारखा आला. पोरं हसली. "हा लावलेला. आता तिसरा." त्यांनी पुन्हा 'आ' केला. हा संथ होता. हळूच वर, मग खाली, आणि प्रत्येक वेळी खाली जास्त. दमलेला माणूस जिना उतरताना टेकत टेकत उतरतो तसा. "हा वयाचा. तो मी रोज सकाळी मेहनत करून टाळते. एक दिवस टाळता येणार नाही. तेव्हा मी गाणं बंद करीन." मग त्या ज्ञानदेवाकडं वळल्या. "हे तीन वेगळे आहेत. ज्याला कान आहे त्याला कळतात. तुम्हाला कळले?"

"कळले," ज्ञानदेव म्हणाला. त्याला वाटलं आपण मोठ्यानं बोललो, पण पहिल्या रांगेपर्यंतसुद्धा ते पोचलं नाही.

पुढं बाईंनी स्वरालीला हनुवटीखाली बोट धरून गायला लावलं. हनुवटी थांबली आणि कंपही नाहीसा झाला. लोक खदाखदा हसले. स्वराली म्हणाली, "हसू नका. बाई घेणार असतील तर मी उद्यापासून शिकायला जाते. पण शब्द सोडणार नाही, हे आत्ताच सांगते." बाई म्हणाल्या, "कोण सोडायला सांगतंय?" मग हार-तुरे झाले, विजयसिंहांनी आपल्या इटलीचं वर्णन पुन्हा एकदा केलं, आणि सगळे जेवायला गेले. ज्ञानदेव पेटी बंद करून मागच्या दारानं निघून गेला.

घरी त्यानं ताट पुढं सारलं. बायको अक्काबाई बघत राहिली.

"का वो? कुनी काय बोललं का?"

"रंगूबाईचा आवाज गेला न्हवता."

अक्काबाईला कोण रंगूबाई हे विचारायची गरज नव्हती. ती गोष्ट तिनं लग्नानंतर हजार वेळा ऐकली होती. "मंग काय झालं हुतं?"

"काय न्हाय. ती गातच हुती. म्याच चुकलो."

अक्काबाई खाली बसली. एवढ्या वर्षांत हा माणूस चुकलो म्हणालेला तिला आठवत नव्हता. मग तिला रागच आला. "आन् त्ये हितं माज्यापुढं सांगून काय उपेग? तिला जाऊन सांगा."

"कुठं आसंल कुनास ठावं. हाय का न्हाय त्ये तरी…"

"तोंड हाय न्हवं तुमास्नी? जगाला नावं ठिवायला चालतं, कुनाला इचारायला चालत न्हाय?"

त्यानं विचारलं. फडातला जुना ढोलकीवाला गेणू इंदापुरात मुलाकडं राहत होता. तो म्हणाला, रंगू सुप्याला आहे, बहिणीच्या घरी. आठवडी बाजारात लसूण विकते.

सुप्याचा बाजार भरला होता. तिकडचा मुलूख कोरडा. बाजरीची पोती, शेळ्या, मटकी, दोरखंड. ऊस बघून डोळे निवलेल्या माणसाला तिथं सगळंच करड्या रंगाचं दिसतं. ज्ञानदेवानं दोन फेऱ्या मारल्या तरी रंगूबाई ओळखू येईना. तिसऱ्या फेरीला एक काटकुळी म्हातारी गिऱ्हाइकावर ओरडली, "हात लावू नगंस, घ्यायचा आसंल तर घे!" आणि तो जागीच थांबला. चेहरा बदलला होता. आवाजाची फेक तीच होती.

"बाई, मी ज्ञानू. पेटीवाला."

तिनं खालपासून वरपर्यंत बघितलं. "मोहनरावाच्या फडातला? केस कुठं गेलं रं तुजं?"

"बाई, एक सांगायला आलोय."

"सांग. पन हितं म्होरं उभा राहू नगं, गिऱ्हाईक दिसंना मला."

तो तिच्या शेजारी पोत्यावर बसला आणि त्यानं सांगितलं. फर्नांडिसबाई, पेटीचा सा, तीन तऱ्हेचे कंप. अंथुर्ण्याची हजेरी. रंगूबाई ऐकता ऐकता लसूण तोलत होती. एका बाईला तिनं अर्धा किलो दिला, दुसरीशी भावावरून भांडली. सांगून संपलं तरी तिचं भांडण संपलं नव्हतं.

मग म्हणाली, "म्हंजे आता तुला कळलं."

"व्हय."

"शेरातल्या बाईनं सांगितल्यावर."

त्यानं होकारार्थी मान हलवली.

"अरं, त्या सालाच्या आदी माजा घसा लई दुकायचा. रातभर वरडून वरडून रगत यायचं थुकीत. मंग माजं मीच हुडकलं. घसा सैल सोडायचा, दम पोटात धरायचा. दुकायचं थांबलं. आवाज पार वड्याच्या पलीकडं जायाला लागला. हालायचा, पन मला वाटलं, हालू दे, बरा वाटतोय. कुनी शिकवलं न्हवतं मला. म्याच हुडकलं हुतं त्ये." तिनं तागडी खाली ठेवली. "आन् तू भाकर खाता खाता म्हनलास, आवाज गेला."

"बाई…"

"मोहनरावानं काडलं, त्येचं काय न्हाय. दुसरा फड गावला आसता. पन म्या सोता मानलं रं. समदी म्हनायची, ज्ञानूचा कान चुकत न्हाय. म्या म्हनलं, त्येला कळतंय, मला काय कळतंय? पस्तीस वर्सं त्वांड उघडलं न्हाय मी. बहिनीची नातवंडं निजवली, तर नुसतं थापटून. आंगाई म्हनाया भ्या वाटायचं, कुनी म्हनंल थेरडी कापतीया."

ज्ञानदेवानं मान खाली घातली. पायाशी लसणाच्या सालींचा ढीग होता. त्याला वाटलं होतं, ती रडेल, किंवा शिव्या देईल, किंवा जाऊ दे म्हणेल. यातलं काहीच झालं नाही. तिनं पदर सारखा केला, घसा खाकरला आणि भर बाजारात, शेळ्यांच्या ओरड्यात, त्याच्याकडं बघत एक लांब सूर लावला. पलीकडचा मिरचीवाला वळून बघायला लागला.

"सांग," ती म्हणाली. "ह्यो तिन्हीतला कंचा?"

ज्ञानदेवाच्या ओठांवर खोटं आलं होतं. ती खुश झाली असती, निदान त्याला तसं वाटलं. सूर संथ होता, खाली बसत होता. त्याच्या कानाला एका श्वासात कळलं होतं.

"ह्यो वयाचा," तो म्हणाला. "आवाज आता गेलाय, बाई."

रंगूबाई हसली. पुढचे दोन दात नव्हते. "मला ठावं हाय की. तू काय म्हन्तोस त्ये बगत हुते. न्हायतर एवड्या लांब येऊन गोड बोलून गेला आसतास, तर तागडीच घातली आसती डोक्यात."

"मी काय करू, सांगा."

"काय करनार तू? लसूण घे आन् जा."

त्यानं दोन किलो लसूण घेतला आणि एसटीनं परत आला.

त्यानंतर गाळ्यावरची गोष्ट बदलली. आता तो येईल त्याला सांगू लागला, की मी कसा चुकलो, एका बाईचं गाणं कसं बुडवलं. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावायचे. एकदा अक्काबाई डबा घेऊन आली होती. तिनं सगळी गोष्ट दारात उभं राहून ऐकली आणि गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाली, "आदी कानाची बढाई मारत हुता, आता चुकीची मारताय. त्या बाईचं काय झालं त्यात?"

हे त्याला कर्णाच्या बाणापेक्षा जास्त लागलं, कारण खरं होतं. पुढच्या बाजारच्या दिवशी त्यानं एक लहान पेटी दुरुस्त करून फडक्यात बांधली आणि सुप्याची एसटी धरली.

रंगूबाईनं पेटी बघितली. "ही कशाला आनलीस? हितं वाजवलीस तर गिऱ्हाईक पळंल माजं."

"बाजार उठल्यावर वाजवतो."

"आन् मी काय करू?"

"गायचं."

"आवाज गेलाय म्हनलास न्हवं?"

"गेलाय. पन गानं गेलं का, त्ये मला ठावं न्हाय. तवा अंथुर्ण्यात न इचारताच सांगून बसलो हुतो."

ती लसणाच्या कुड्या निवडत राहिली. दुपारी तीनला बाजार पातळ झाला. तिनं पोतं गुंडाळलं आणि पाराकडं चालू लागली. तो पेटी घेऊन मागं निघाला.

आता दर बाजारच्या दिवशी पारावर तास-दीड तास ते चालतं. गाणं चांगलं होतं असं कुणी म्हणणार नाही. सूर टेकत टेकत उतरतो, दम मधेच संपतो, चार ओळींतली एक ती विसरते आणि ज्ञानदेवालाच शिव्या घालते, की पट्टी चढी धरलीस. तो पट्टी उतरवून धरतो. पण कधी कधी एखाद्या ओळीत जागा अशी येते, की शब्द पुरा उमटतो, एक अक्षर सांडत नाही, आणि पाराखाली उभी असलेली बाजारकरी माणसं बोलायची थांबतात.

परवा सुप्यातल्या एका जाणकारानं, हातात मोबाईल आणि बोटात तीन अंगठ्या, मोठ्यानं शेरा मारला, "म्हातारीचा आवाज लई थरथरतोय की."

ज्ञानदेवानं भाता थांबवला. "थरथरतोय. एकाहत्तर वर्सांची हाय ती. तुमी तेवडं व्हा, मंग तुमचा ऐकू. तवर ऐकायचं आसंल तर बसा, न्हायतर बाजार करा."

"ज्ञानू," रंगूबाई मागून म्हणाली, "तुला पेटी वाजवायला बसवलाय. वकिली करायला न्हाय."

त्यानं भाता ओढला.